‘आग कुठे लागली?’ : फायर अलार्मच्या परिभाषेमागचा इतिहास

#थ्रेड

१/
८ ऑक्टोबर १८७१, रविवारची रात्र. शिकागोच्या कोर्टहाउसच्या मनोऱ्यावरील पहारेकऱ्याला नैर्ऋत्येला ज्वाळा दिसल्या. त्याने अंदाजाने ३४२ क्रमांकाच्या पेटीचा इशारा द्यायला सांगितले. प्रत्यक्षात आग डी कोव्हन रस्त्यावर, त्या पेटीच्या सुमारे मैलभर अलीकडे होती.

२/
चूक ध्यानात येताच त्याने दुसरा क्रमांक कळवला. बंबवाल्यांचा गोंधळ उडेल, या भीतीने तारयंत्रावरील कर्मचाऱ्याने तो पाठवण्यास नकार दिला. त्या आगीत सुमारे ३०० माणसे दगावली, लाखभर बेघर झाली. कोरडा उन्हाळा, वारा आणि लाकडी घरे ही मुख्य कारणे खरी. पण पहिली मोलाची मिनिटे एका चुकीच्या आकड्याने घेतली.

३/
आगीला आकडा देण्याची कल्पना बोस्टनची. पूर्वी चर्चची घंटा वाजे. तिच्यावरून आग लागल्याचे कळे, पण ठिकाण नीट कळत नसे. विल्यम चॅनिंग याने १८४५ मध्ये तारयंत्राचा उपाय वृत्तपत्रातून मांडला. मोझेस फार्मरच्या साह्याने तो प्रत्यक्षात आला आणि २९ एप्रिल १८५२ रोजी या यंत्रणेवरून पहिला इशारा गेला.

४/
रस्त्यावरील पेटीचा दांडा फिरवला की आतले दातेरी चाक विद्युतप्रवाह ठरावीक क्रमाने जोडी-तोडी. पेटीचा क्रमांक मुख्य कार्यालयात उमटे आणि तिथून शहरभर घंटा वाजत. चॅनिंगचे शिक्षण वैद्यकाचे. त्याने या रचनेची तुलना मज्जासंस्थेशी केली : संवेदना मेंदूकडे जाते, आज्ञा स्नायूंकडे येते.

५/
आजच्या इमारतीतील यंत्रणेची शरीररचना हीच आहे. डिटेक्टर आणि भिंतीवरचा लाल ‘मॅन्युअल कॉल पॉइंट’ या संवेदना. ‘कंट्रोल पॅनेल’ हा मेंदू. हूटर आणि लुकलुकणारे दिवे हे स्नायू. शब्द नवे असले तरी कामाची वाटणी १८५२ चीच.

६/
बोस्टनच्या पेटीत एक उणीव होती. घाबरलेला माणूस दांडा फार वेगाने फिरवी आणि आकडा बिघडे. म्हणून पुढच्या पेट्यांत स्प्रिंगचे घड्याळी यंत्र आले : एकदा खेचा, उरलेले काम यंत्र करील. काच फोडा किंवा बटण दाबा, एवढेच सांगणाऱ्या कॉल पॉइंटचे तत्त्वही तेच. भेदरलेल्या माणसाकडून कौशल्याची अपेक्षा ठेवायची नाही.

७/
आणि पाहणारे कोणी नसेल तर? एडिसनचा सहकारी फ्रान्सिस अप्टन याने १८९० मध्ये उष्णतेने वाजणाऱ्या विद्युत अलार्मचे पेटंट सहकाऱ्यासह घेतले. धूर ओळखण्याच्या आधुनिक तंत्राची सुरुवात १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर याच्या प्रयोगांतून झाली. म्हणून आज ‘हीट’ आणि ‘स्मोक’ असे वेगळे डिटेक्टर असतात. स्वयंपाकघरात बहुधा हीट डिटेक्टर बसवतात, कारण फोडणीच्या धुराला आग समजून चालत नाही.

८/
तार मधेच तुटली तर? तारयंत्राच्या काळातच उपाय रूढ झाला : परिपथात प्रवाह सतत वाहता ठेवायचा. प्रवाह थांबला, म्हणजे तार तुटली. आजही वायरच्या टोकाला एक रोधक बसवतात आणि पॅनेल त्यातून जाणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावर पाळत ठेवते. प्रवाह खंडित झाला की ‘फॉल्ट’चा दिवा लागतो. ‘फायर’ म्हणजे आग. ‘फॉल्ट’ म्हणजे आग लागली तरी कदाचित कळणार नाही.

९/
१ डिसेंबर १९५८. पुन्हा शिकागो, ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळा. शाळेत अलार्म होता, पण तो अग्निशमन दलाशी जोडलेला नव्हता. घंटा इमारतीतच घुमली. मदतीच्या पहिल्या फोनवर शाळेऐवजी लगतच्या धर्मगुरू-निवासाचा पत्ता सांगितला गेला. बंब आधी तिकडे वळले. ९२ मुले आणि ३ शिक्षिका-जोगिणी मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर अमेरिकेत शाळांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले.

१०/
८७ वर्षांच्या अंतराने त्याच शहरात तोच प्रश्न : आग नेमकी कुठे? साध्या, म्हणजे ‘कन्व्हेन्शनल’ पॅनेलवर फक्त ‘झोन’ कळतो : तिसरा मजला, पूर्वेची बाजू. ‘ॲड्रेसेबल’ पॅनेलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे खोलीपर्यंतचा पत्ता मिळतो. बोस्टनच्या पेटीचा आकडा आता छतावर पोहोचला आहे.

११/
अर्थात तो आकडा खोलीच्या खऱ्या नावाशी जुळला पाहिजे. भिंती पाडून खोल्या बदलल्या आणि पॅनेलवरील नोंद जुनीच राहिली, तर सर्वांत महागडी यंत्रणाही १८७१ च्या पहारेकऱ्यासारखी मैलभर चुकू शकते. वसतिगृह, ग्रंथालय किंवा कार्यालयात पॅनेल दिसले, तर दोन गोष्टी जरूर पाहाव्यात : ‘फॉल्ट’चा दिवा लागला आहे का, आणि झोनचा तक्ता आजच्या इमारतीचा आहे का.