मुदतपूर्व थांबवलेली वैद्यकीय चाचणी

औषध वा उपचाराची मानवी चाचणी ठरलेल्या मुदतीआधी बंद करणे. स्पष्ट लाभ, अपाय किंवा निष्कर्षाची आशा न उरणे ही मुख्य कारणे. निधीअभावीही चाचण्या बंद पडतात.

अमेरिकेत १९६७ च्या ग्रीनबर्ग अहवालाने स्वतंत्र देखरेखीचा पाया घातला. देखरेख समिती मधल्या टप्प्यांवर आकडेवारी तपासते (पहा : संख्याशास्त्र).

हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे अनियमित ठोके एन्केनाइड व फ्लेकेनाइड या औषधांनी आवरले जात. तरीही ती घेणाऱ्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा मृत्यू अधिक झाल्याचे १९८९ मध्ये आढळले आणि दोन्ही औषधे चाचणीतून काढली गेली. २००२ मध्ये रजोनिवृत्त १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरकांची चाचणी सरासरी ५.२ वर्षांनी थांबली : स्तनकर्करोगाचा धोका वाढला होता (पहा : संप्रेरके).

लाभ दिसताच थांबवलेल्या चाचणीत तो प्रत्यक्षाहून मोठा भासू शकतो.