एकादशीच्या नैवेद्याचा इतिहास आणि आपली शुगर

तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामी येते. पुढे आषाढी एकादशी होते आणि नंतरच्या दोन-चार दिवसांत एक प्रश्न दवाखान्यात हमखास येतो, "डॉक्टर, मी तर उपवास केला, भात-पोळीला हातही लावला नाही. मग शुगर वाढली कशी?"

उत्तर नैवेद्याच्या ताटातच आहे.

मिरची, बटाटा, रताळे, शेंगदाणा, राजगिरा ही सगळी मूळची अमेरिका खंडातली पिके. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला. त्याआधी आपल्याकडे मिरची किंवा बटाटा नव्हताच.

साबुदाणा तर आणखी अलीकडचा. पूर्वी तो आग्नेय आशियातल्या साबुदाण्याच्या ताडाच्या गाभ्यापासून होई. आपला साबुदाणा कसावा या कंदाचा, आणि हे झाडही अमेरिकेतलेच. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल थांबला आणि तमिळनाडूतल्या सेलमला त्याचे कारखाने उभे राहिले. म्हणजे तुकोबांच्या नंतर जवळपास तीनशे वर्षांनी!

राजगिऱ्याची गोष्ट वेगळी. मेक्सिकोतले अ‍ॅझटेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवत आणि त्यांचे तुकडे प्रसादासारखे वाटून खात. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ते राज्य जिंकले आणि हा विधी बंद पाडला. तिकडे देवापुढून उठलेले धान्य आपल्याकडे देवापुढे आले.

आता आरोग्याचे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये प्रोटीन १ ग्रॅमही नाही. राजगिऱ्यात ते १३-१४ ग्रॅम असते, शिवाय लोह आणि कॅल्शियम. वरई हे आपले जुने भरडधान्य.

मधुमेह असेल तर एवढे करा :

• खिचडीऐवजी राजगिऱ्याचे थालीपीठ, सोबत दही आणि काकडी. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, लाह्या मात्र बेतानेच, कारण लाह्यांनीही शुगर झपाट्याने वाढते.
• वरई थोडीच, दाण्याच्या आमटीबरोबर.
• इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर डोस कसा घ्यायचा हे एकादशीआधीच डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका.
• घाम, थरथर, घाबरल्यासारखे वाटले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या. तेव्हा उपवासाचा विचार नको.

नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवाच, पण ते गोळीची जागा घेत नाही. आपल्या आजी-पणजींनी काळाप्रमाणे ताट बदलले, तरी भक्ती तीच राहिली. आपणही तब्येतीप्रमाणे ते बदलू शकतो.