ताप नसलेला दुग्धज्वर

अँडीज पर्वतातील चिंचिला हा मऊ केसांचा कृंतक आज नवी मुंबईतील एखाद्या सदनिकेत दिसला, तर नवल नाही. व्यायलेली मादी पिलांना पाजत असताना थरथरू लागली, तिचे पाय ताठरले, तर पशुवैद्यांना रक्तातील कॅल्शियम घटल्याची शंका येते आणि ते कॅल्शियम टोचतात. हा उपाय मात्र गोठ्यातून आलेला आहे.

गोठ्यातल्या या विकाराचे नाव दुग्धज्वर. नावच फसवे, यात ताप नसतो, अंग उलट गार पडते. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर एक-दोन दिवसांत बसते, मान कुशीकडे वळवते आणि उठत नाही. १८८६ साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा जगात कुठेच यावर खात्रीचा इलाज नव्हता.

१८९७ मध्ये डेन्मार्कमधील कोल्डिंगचे पशुवैद्य श्मिट यांनी कासेत विष तयार होते असे मानून सडांतून पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण सोडले. बऱ्याच गाई वाचल्या. पुढे नुसती हवा भरूनही त्या उठू लागल्या! विषाची कल्पना सपशेल चुकीची होती. कास फुगल्याने दूध उतरणे थांबे आणि दुधावाटे जाणारे कॅल्शियम रक्तातच राही. कॅल्शियमचा हा धागा १९२५ मध्ये ड्रायर आणि ग्रेग यांनी मांडला.

मग शिरेतून द्यायचे कॅल्शियम बोरोग्लुकोनेट आले. निपचित पडलेली गाय त्याने बघता बघता उभी राहते. मात्र औषध घाईने सोडले, तर हृदय थांबू शकते. जेमतेम अर्ध्या किलोच्या चिंचिलासाठी तर मात्रा मिलिलिटरच्या अंशांत मोजावी लागते.