परदेशात गेलेली कोरीव लेखाची वस्तू परत कशी येते? लातूर-नांदेडचा त्याच्याशी काय संबंध?

नागपूरकर भोसले घराण्याचे रघुजीराजे भोसले यांची तलवार १८ ऑगस्ट २०२५ रोजी लंडनहून मुंबईत पोहोचली. तिच्या पात्यावर देवनागरीत सोन्याने लिहिलंय, 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. मालकाचं नाव वस्तूवरच! तरीही राज्य सरकारला ती सोथबीजच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपये मोजून घ्यावी लागली.

असं का? सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे आणि तो मागच्या काळाला लागू होत नाही. त्याआधी बाहेर गेलेल्या वस्तूंसाठी देणगी, खरेदी किंवा उसनवारी हेच मार्ग उरतात. २०२४ मध्ये आलेली वाघनखं उसनीच आहेत, तीन वर्षांसाठी.

अलीकडे चोरीला गेलेल्या वस्तूंचं तसं नाही. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पण ती इथलीच होती, हे सिद्ध करावं लागतं. तामिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या मंदिरातला नटराज २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने परत केला. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्याचे जुने फोटो होते, तेच कामी आले.

मराठवाड्याला हा मुद्दा थेट लागू होतो. कंधारला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला शिलालेख सापडला. त्यातून त्या वेळच्या गावातली देवळं आणि दानं कळतात. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. लट्टलूर म्हणजेच लातूर, असं अनेक अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे ही पदवी मिळते ती कर्नाटकातल्या सिरूरच्या, अमोघवर्षाच्या काळातल्या लेखात. म्हणजे लातूरच्या इतिहासाचा पुरावा दुसऱ्याच गावातल्या दगडावर! असा एखादा दगड ठसा न घेताच गायब झाला, तर वस्तू जातेच, आणि ती मागायला लागणारा पुरावाही जातो.

नांगरताना किंवा पाया खणताना ताम्रपट, नाणी सापडली तर? १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. वस्तू घासून साफ करू नये, कारण झिजलेली अक्षरं पुसली जातात. सापडलेल्या जागेसह फोटो मात्र लगेच काढावा.