वरची दाढ, खालची दाढ

आमच्या यवतमाळकडे दाढ काढायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वरची काढू नको रे बापू, डोये जातीन." अक्कलदाढ काढू की ठेवू, हा प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा आत्याने फोनवर हेच बजावलं. मी पडलो इंजिनियर. या भीतीचं मूळ शोधायला बसलो, तर तीच भीती सापडली चक्क सुश्रुतसंहितेत!

चिकित्सास्थानात सुश्रुत सांगतो की वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये. रक्त फार जातं, माणूस एका डोळ्याने आंधळा होतो, तोंड वाकडं होतं. निदानस्थानात 'वर्धन' नावाचा विकारही आहे. त्यात जादा दात येताना जीवघेण्या कळा येतात आणि दात आला की थांबतात. बरेच जण ही अक्कलदाढच मानतात. त्यावर उपाय काय, तर तो दात काढा आणि जागा डागा.

लगेच हसू नका. भूल नाही, अँटिबायोटिक्स नाहीत, अशा काळातला हा सल्ला आहे. डोळ्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी, हे खरं. पण वरच्या दातातला पू क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढतो, हेही खरं. असे दोन पेशंट पाहिलेला वैद्य 'हात लावू नका' म्हणणारच. चालत्या कोडला आपण तरी कुठे हात लावतो? :)

चित्र बदललं ते १८४४ च्या डिसेंबरात. अमेरिकेत हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने लाफिंग गॅस हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. तीही अक्कलदाढ! १८८४ साली हॉलस्टेडने खालच्या जबड्याची नस कोकेन टोचून बधिर केली. १९४३ मध्ये स्वीडनच्या लॉफग्रेनने लिग्नोकेन बनवलं. त्यात थोडं ॲड्रेनलिन मिसळलं की रक्तही कमी जातं. सुश्रुताची रक्ताची धास्ती इथे बरीचशी मिटली.

मग गाडी दुसऱ्या टोकाला गेली. दुखत नसली तरी 'पुढे त्रास नको' म्हणून अमेरिकेत चारही दाढा काढायची पद्धत रुळली. १९७९ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ बसवले. आजार असेल तर काढा यावर त्यांचं एकमत झालं, गप्प पडलेल्या दाढेवर काही झालं नाही. २००० साली ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने तर स्पष्टच सांगितलं: निरोगी अक्कलदाढ उगाच काढू नका. हिरडी एकदा सुजली म्हणून लगेच काढायचं कारण नाही, फारच जोरात सुजली तर गोष्ट वेगळी. दुसऱ्यांदा सुजली तर मात्र काढणं योग्य.

माझी खालची डावी दोनदा सुजली होती. म्हणजे ती काढायची. वरची सरळ आलीय, घासता येते, ती राहील. गंमत अशी की आत्याची भीती वरच्या दाढेची, आणि खरा धोका खालच्या. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस या दाढेच्या मुळांजवळून जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो, क्वचित कायमचा. म्हणून आधी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. माझ्यात मुळं आणि नस यांच्यात अंतर दिसलं, म्हणून तारीख घेतली.

आमच्या भागात आणखी एक भानगड आहे, ती ब्रिटिशांच्या यादीत नाही: खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. सुपारीने गालाच्या आतली कातडी आवळत जाते. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच भारतातल्या अशा रुग्णांवर लिहिलं होतं. खर्रा खाणारे माझे दोन मित्र 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत दाढ पुढे ढकलतायत. त्यातल्या एकाच्या तोंडात आता जेमतेम दोन बोटं जातात. सगळ्यात मागच्या दाढेपर्यंत डॉक्टरने हत्यार न्यायचं कुठून?