तिकिटाचे पैसे कोणी दिले?

परदेशात शिकायला कोण जातं? ‘जो हुशार असतो तो’, असं आपण चटकन बोलून जातो. आज जुन्या लोकांची खातेवही उघडून बघू. पैसे कोणाचे होते?

सुरुवात पुण्यातून. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, शिक्षण डेक्कन कॉलेजात. पदवी परीक्षेत ती इतकी वर आली की इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती तिचीच होती. पण मुलगी म्हणून नाकारली. मग हितचिंतकांनी वर्गणी काढली आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला पोहोचली. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा पास झाली, पदवी मात्र हातात पडली १९२२ मध्ये. हो, तीस वर्षांनी! १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं.

ती अपवाद होती. बोटीवर गर्दी होती ती पुरुषांची, त्यातही खात्यापित्या घरच्यांची. बॅरिस्टर व्हायचं तर लंडन गाठायलाच हवं. आयसीएसची परीक्षासुद्धा १९२२ पर्यंत लंडनमध्येच व्हायची. म्हणजे स्पर्धा सगळ्यांना खुली, फक्त परीक्षा केंद्र सात समुद्रांपलीकडे!

आता १९१३ साल. फेब्रुवारीत वडील गेले आणि जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात. पैसे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायचा करार. बाबासाहेबांची ही गोष्ट आपण बहुतेक वेळा इथेच थांबवतो. खरी परीक्षा पुढे आहे. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. बुद्धी तीच, माणूस तोच, फक्त पैसे संपले. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून बचत केली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. तेव्हा कुठे १९२० मध्ये पुन्हा लंडन. डी.एस्सी. झाले १९२३ मध्ये.

बघा ना, एवढ्या माणसालासुद्धा एक राजा पुरला नाही.

आज भारतातून दरवर्षी लाखो मुलं बाहेर जातात. बरीचशी घरच्या पैशांवर किंवा कर्जावर, आणि मोठं कर्ज हवं असेल तर बँक तारण मागते. ज्याच्याकडे ना फ्लॅट ना जमीन, त्याने काय ठेवायचं? महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्ती आहे, राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाची. त्यात वर्षाला जागा आहेत ७५. तुम्ही पात्र असाल, तर समाज कल्याण विभागाच्या जाहिरातीवर आत्तापासूनच लक्ष ठेवा.