ठेका कुणाचा, पैसा कुणाला?



आज आपण डीजे आणि एमसी या दोन कामांचा इतिहास बघणार आहोत. डीजे म्हटलं की आपल्याला वरातीतला टेम्पो आठवतो, भिंतीएवढे स्पीकर आणि घराच्या थरथरणाऱ्या काचा आठवतात. पण या कामावर जगभर कितीतरी लोक पोट भरतात. आता आपल्या वस्तीतली, गावातली मुलंमुलीही त्यात शिरू बघतात, आणि त्यासाठी बचत गटाकडे कर्जही मागतात. म्हणून हे काम कुठून आलं, त्यात कुणाला पैसा मिळाला आणि कुणाचा बुडाला, हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

आधी शब्द समजून घेऊ. डीजे म्हणजे गाणी वाजवणारा. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच ठेक्यात तो असं जोडतो की नाचणाऱ्याचा पाय थांबत नाही. एमसी म्हणजे हातात माइक धरून त्या ठेक्यावर बोलणारा, लोकांना हाक देणारा. शाहिराला जसा डफ आणि झीलकरी लागतो, तसा एमसीला डीजे लागतो.

या कामाची एक मोठी मुळी जमैका नावाच्या छोट्या बेटावर आहे. १९५० च्या सुमारास तिथल्या गरीब लोकांकडे घरी रेडिओ किंवा ग्रामोफोन घ्यायला पैसे नव्हते. मग काही दुकानदारांनी मोठे स्पीकर बांधले आणि उघड्या अंगणात गाणी लावायला सुरुवात केली. गाणी ऐकायला गर्दी जमायची आणि खाण्यापिण्याची विक्री व्हायची. क्लेमंट डॉड हा त्यातला एक मोठा माणूस. पुढे त्याने १९६३ साली ‘स्टुडिओ वन’ हा प्रसिद्ध स्टुडिओ काढला. पण त्याची सुरुवात आईच्या दुकानात झाली. आई डोरिस डार्लिंग्टन यांच्या गिऱ्हाइकांसाठी तो तबकड्या लावायचा. आपल्याकडचे लोक ऊसतोडीला जातात, तसा तो हंगामी शेतमजुरीसाठी अमेरिकेत गेला आणि तिथून नवं संगीत घेऊन आला. तो बाहेरगावी असला की स्पीकरचा सगळा कारभार आई बघायची. इतिहासात नाव मुलाचं मोठं झालं. दुकान मात्र आईचं होतं.

१९४८ पासून जमैका आणि शेजारच्या बेटांवरचे लोक कामासाठी इंग्लंडला जाऊ लागले. कुणी बसमध्ये लागलं, कुणी दवाखान्यात. त्यांच्यासोबत हे स्पीकर आणि माइकवर बोलण्याची रीतही गेली. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत लंडनमध्ये त्यातून एक नवं संगीत तयार झालं. त्याला आधी ‘जंगल’ म्हणत, मग ‘ड्रम अँड बास’ म्हणू लागले. आपली नाडी मिनिटाला साधारण सत्तर वेळा पडते. या संगीताचा ठेका मिनिटाला एकशे सत्तरच्या आसपास धावतो, आणि त्याखाली छातीत घुमणारा जड, संथ बास असतो.

मोठी रेडिओ केंद्रं सुरुवातीला हे संगीत फारसं लावत नव्हती. मग पोरांनी उंच इमारतींच्या गच्चीवर चोरून एरियल लावले आणि विनापरवाना रेडिओ सुरू केले. ‘कूल एफएम’ १९९१ साली निघालं, ‘रिन्स एफएम’ १९९४ साली. तिथे कार्यक्रम करायचे पैसे मिळत नसत. बऱ्याच ठिकाणी डीजेलाच वर्गणी भरावी लागे. पण तिथे हात बसायचा, आवाज ओळखीचा व्हायचा, आणि मग कुणीतरी रात्रीच्या कार्यक्रमाला पैसे देऊन बोलवायचं. या रिन्स एफएमला २०१० साली सामुदायिक रेडिओचा रीतसर परवाना मिळाला. आपण आत्ता बोलतोय, तशाच प्रकारचा परवाना!

आता पैशाकडे येऊ. या संगीताचा पायाच एका जुन्या ढोलवादनावर आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाने ‘आमेन, ब्रदर’ हे गाणं रेकॉर्ड केलं. त्यात ग्रेगरी कोलमन या वादकाने सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. तो एवढासा तुकडा कापून, वेगात फिरवून जगभरच्या लोकांनी हजारो गाणी केली. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ साली तो वारला तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं. २०१५ साली संगीतप्रेमींनी लोकवर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड जमवले. ते वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना मिळाले. ज्याने ठेका वाजवला, तो तोवर गेला होता.

दुसरी गोष्ट सिस्टर नॅन्सी यांची. जमैकात माइकवर बोलणाऱ्या पुरुषांच्या गर्दीत ही एक तरुण मुलगी उभी राहिली. १९८२ सालचं तिचं ‘बॅम बॅम’ हे गाणं जगभर गाजलं, सिनेमात आलं, जाहिरातीत आलं. त्याचे तुकडे असंख्य गाण्यांत वापरले गेले. पण तिशीहून जास्त वर्षं तिला त्याचं काही मिळालं नाही. ती अमेरिकेला गेली आणि बँकेत हिशोबाची नोकरी करत राहिली. २०१४ साली एका बुटांच्या जाहिरातीत स्वतःचं गाणं ऐकल्यावर तिने वकील गाठला. मागच्या दहा वर्षांचे पैसे आणि हक्कात अर्धा वाटा तिने मिळवला.

तिसरी गोष्ट दोन मैत्रिणींची आहे. लंडनमध्ये केमिस्ट्री आणि स्टॉर्म या नावांनी दोघी डीजे झाल्या. एक मेकअपचं काम करायची, दुसरी एक्स-रे काढणारी तंत्रज्ञ होती. दोघींनी पगारातून पैसे वाचवून वाजवायची मशीन घेतली आणि घरी सराव केला. पुढे गोल्डी हा मोठा कलाकार झाला. त्याला या संगीताची ओळख केमिस्ट्रीनेच करून दिली होती. १९९४ साली निघालेल्या त्याच्या ‘मेटलहेड्झ’ कंपनीचा कारभार उभा करण्यात दोघींचा मोठा हात होता. १९९९ साली केमिस्ट्री रस्त्यावरच्या अपघातात गेली. स्टॉर्मने काम सोडलं नाही. अलीकडे इंग्लंडमध्ये याच संगीतातल्या बायकांनी ‘ईक्यू फिफ्टी’ नावाचा गट काढलाय आणि नव्या मुलींना अनुभवी लोकांच्या हाताखाली शिकवायची सोय केलीय. गटाशिवाय पुढे जाता येत नाही, हे तिथेही कळलं.

याच लाटेत आपला तबलाही शिरला. तल्विन सिंग या लंडनच्या तबलावादकाने ‘अनोखा’ नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि तबला व ड्रम अँड बास एकत्र वाजवलं. १९९९ साली त्याला इंग्लंडचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला.

मुंबईत सोहेल अरोरा आणि त्यांच्या ‘बे बीट कलेक्टिव्ह’ या चमूने हे संगीत वाजवलं. पण नुसतं वाजवून भागत नाही, म्हणून अरोरा यांनी ‘क्रंक’ ही कलाकारांचे कार्यक्रम ठरवून देणारी कंपनीही काढली. या धंद्यात टिकलेले बरेच जण असे दोन-तीन कामं करतात. कुणी वाजवतं, कुणी शिकवतं, कुणी स्पीकर भाड्याने देतं.

आमच्या पवईत या कामाची दोन्ही टोकं दिसतात. एकीकडे आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ हा विद्यार्थ्यांचा महोत्सव, जिथे मोठमोठे कलाकार मंचावर येतात. दुसरीकडे फिल्टरपाड्याला लागून आरेचं जंगल. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडण्याचा वाद पेटला, त्या काळात ‘स्वदेसी’ या मुंबईच्या चमूने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. त्यात आरेतल्या केल्टीपाड्याचे वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. या चमूतला एमसी मवाली मराठीतही बोलतो. महादेव कोळी समाजातली माही जी, म्हणजे मधुरा घाणे, ही इंजिनियर झालेली मुलगी आदिवासींच्या प्रश्नांवर रॅप करते. आपल्या बोलीत, आपल्या प्रश्नांवर माइक धरता येतो, हे या मुलांनी दाखवलं.

आता आपल्या गटाचं बोलू. आमच्या एका बैठकीत एका ताईंनी मुलाच्या डीजेच्या मशीनसाठी कर्ज मागितलं. निम्म्या जणी म्हणाल्या, हा काय धंदा आहे का? बाकीच्या म्हणाल्या, पोरगा रिकामा बसण्यापेक्षा बरं. शेवटी आम्ही चार प्रश्न ठरवले.

पहिला, वर्षात किती महिने काम आहे? लग्नसराई आणि सण संपले की काय करणार? दुसरा, आवाजाचे नियम माहीत आहेत का? २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, आणि राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. सण-उत्सवाच्या काही ठरावीक दिवशी सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देतं, तेवढीच. मशीन जप्त झालं तर हप्ता कोण भरणार? तिसरा, आधी भाड्याच्या मशीनवर किती कामं केली, त्याची वही आहे का? चौथा, मुलगा किंवा मुलगी स्वतः गाणं लिहीत असेल, तर कागदावर नाव कुणाचं?

हा चौथा प्रश्न विसरू नका. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमात किंवा रेकॉर्डमध्ये गेलेल्या गाण्याच्या गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा आता वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहून देता येत नाही. ‘आयपीआरएस’ ही संस्था सभासदांसाठी ही रॉयल्टी गोळा करते.

कोलमनचा ठेका साऱ्या जगाने वापरला, पण त्याच्या हाती कागद नव्हता. सिस्टर नॅन्सी कागद घेऊन भांडल्या, म्हणून उशिरा का होईना त्यांना मिळालं. आपण गटात दर महिन्याला वीस रुपयांचीही पावती फाडतो. तीच सवय आपल्या मुलामुलींना लावा. कार्यक्रम लहान असला तरी तारीख, रक्कम, आगाऊ किती आणि बाकी किती, हे लिहून दोघांची सही घ्यायची. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांची नावं फारशी कुठे लिहिली गेली नाहीत. पुढच्या पिढीची तरी लिहिली जाऊ द्या.